विंचवाचं बिऱ्हाड: युरोपातल्या हॉस्टेलात कमी खर्चात राहण्याचा धडा



सेमिस्टर संपत आलं की एक प्रश्न मला हमखास ऐकू येतो. "ताई, युरोप कमी पैशांत होतं का?" कुणाला पंधरा दिवस फिरून यायचं असतं, कुणाला जर्मनीत एम.एस.ला प्रवेश मिळालेला असतो आणि सुट्टीत शेजारचे देश पाहायचे असतात. या प्रश्नामागे घरच्यांचा दुसरा प्रश्न उभा असतो. "परक्या माणसांबरोबर एका खोलीत झोपायचं? तेही मुलीनं?" पहिल्याचं उत्तर पैशांत देता येतं, दुसऱ्याचं देता येत नाही. मी दोन उन्हाळ्यांत मिळून तीस-पस्तीस रात्री हॉस्टेलांत काढल्या, त्यातल्या बऱ्याच एकटीनं. त्या बळावर दोन्ही प्रश्न एकत्रच घेते.

मला जे सांगायचंय ते आधीच सांगून टाकते. हॉस्टेल स्वस्त असतं, कारण तिथे जागा, काम आणि शांतता या तीन गोष्टी वाटून घ्यायच्या असतात. ज्याला वाटून घेता येतं त्याला ते परवडतं. ज्याला येत नाही त्याला तेच हॉस्टेल महाग पडतं, कधी पैशांत, कधी मनस्तापात. खालचा प्रत्येक सल्ला या एका गोष्टीतून निघालेला आहे.

हॉस्टेल म्हणजे नेमकं काय?

हैदराबादेत हॉस्टेल म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे अमीरपेट येतं. महिन्याचं भाडं, दोन वेळचं जेवण आणि वॉर्डन. युरोपातलं प्रवासी हॉस्टेल तसं नसतं. तिथे खोली मिळत नाही, एक पलंग मिळतो, तोही रात्रीच्या हिशेबानं. एका खोलीत चारपासून बारापर्यंत, कधी त्याहूनही जास्त पलंग असतात, वर-खाली असे. त्या खोलीला डॉर्म म्हणतात. न्हाणीघर, स्वयंपाकघर, बसायची खोली हे सगळं सामाईक. आपल्या भाषेत सांगायचं तर डॉर्म म्हणजे न हलणारा स्लीपरचा डबा. देवगिरीनं मुंबईला गेलेल्या माणसाला त्यात नवं असं फार नाही.

ही कल्पना आली एका शाळामास्तरांकडून. जर्मनीतल्या आल्टेना गावचे रिचर्ड शिरमान २६ ऑगस्ट १९०९ रोजी मुलांना घेऊन पायी सहलीवर होते. वाटेत वादळी पावसानं गाठलं. एका गावच्या शाळेत त्यांना आसरा मिळाला आणि वर्गात पेंढा पसरून मुलं झोपली. सुट्टीत रिकाम्या पडणाऱ्या शाळा अशा मुलांना रात्रीपुरत्या का देऊ नयेत, असा विचार त्या रात्री मास्तरांच्या मनात आला. पुढे आल्टेनाच्या जुन्या किल्ल्यात कायमचं हॉस्टेल उभं राहिलं. १९३२ मध्ये अशा संघटनांचा आंतरराष्ट्रीय महासंघ झाला आणि १९४९ मध्ये आपल्याकडे यूथ हॉस्टेल्स असोसिएशन ऑफ इंडिया स्थापन झाली.

पण वाटसरूला पाठ टेकायला जागा देणं ही काही युरोपची मक्तेदारी नाही. गोवळकोंड्याजवळ शेखपेटला कुतुबशाही काळातली सराय आजही उभी आहे. महाराष्ट्रात गाडगे महाराजांनी पंढरपूर, नाशिक, आळंदी अशा ठिकाणी धर्मशाळा उभ्या केल्या, आणि जिथे जातील तिथे आधी स्वतः झाडू हातात घेतला. उतरलेली जागा स्वच्छ ठेवायची, हा त्यांचा धडा युरोपातल्या कुठल्याही हॉस्टेलात जशाच्या तसा लागू पडतो.

आधी कागदपत्रं

स्वस्त तिकीट दिसलं म्हणून आधी विमान बुक करू नका. आधी व्हिसाचा विचार करा.

शेंगेन हा २९ देशांचा गट आहे. एका व्हिसावर या सगळ्या देशांत फिरता येतं. इंग्लंड आणि आयर्लंड त्यात नाहीत, त्यांचा व्हिसा वेगळा. कमी खर्चाच्या पहिल्या फेरीत लंडन घालू नका असं मी म्हणते, ते यासाठी. अल्पकाळाच्या शेंगेन व्हिसावर कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं. ज्या देशात सर्वांत जास्त दिवस काढणार त्या देशाकडे अर्ज करायचा. दिवस सारखे असतील, तर ज्या देशातून आत शिरणार त्याच्याकडे. जर्मनीचा विद्यार्थी म्हणून निवास परवाना असेल, तर बाकीच्या शेंगेन देशांत फिरायला वेगळा व्हिसा लागत नाही, ९०-१८० चा नियम मात्र तिथेही आहे.

अर्ज जाण्याच्या सहा महिने आधीपासून पंधरा दिवस आधीपर्यंत करता येतो. निर्णयाला साधारण १५ दिवस लागतात, काही वेळा ४५ पर्यंत जातात. उन्हाळ्यासाठी भेटीची वेळ मिळणंच अवघड असतं, म्हणून तीन-चार महिने हाताशी ठेवा. अनेक देशांचे अर्ज हैदराबादेतल्या केंद्रात देता येतात. केंद्र फक्त कागद घेतं, निर्णय त्या देशाची वकिलात देते. म्हणून "माझी तिथे ओळख आहे" म्हणणाऱ्या एजंटाला पैसे देऊ नका.

प्रौढांसाठी फी जून २०२४ पासून ९० युरो आहे, त्यावर केंद्राचा आकार वेगळा. नकार आला तरी फी परत मिळत नाही, म्हणून अर्ज एकदाच पण नीट करा. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने चालणारा, दहा वर्षांच्या आत दिलेला आणि दोन कोरी पानं असलेला हवा. किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय प्रवास विमा लागतो. विद्यार्थ्यांनी कॉलेजचं बोनाफाईड आणि सुट्टीचं पत्र, खर्च करणाऱ्या पालकांचं पत्र, त्यांची बँक स्टेटमेंट आणि आयकर विवरणपत्रं जोडावीत. खात्यात आदल्या आठवड्यात अचानक मोठी रक्कम भरू नका, ती लगेच डोळ्यांत भरते. राहण्याची बुकिंग खरी दाखवा. फुकट रद्द करता येणारी हॉस्टेलची बुकिंग चालते, बनावट कागद चालत नाही.

ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेन सीमेवर शिक्क्याऐवजी बोटांचे ठसे आणि फोटो घेऊन नोंद ठेवायला सुरुवात झाली आहे. मुक्काम एक दिवस वाढला तरी तो आता संगणक मोजतो.

हिशेब मांडू या

उदाहरण म्हणून चार शहरं घेऊ: क्राकोव, प्राग, व्हिएन्ना, बुडापेस्ट. पॅरिस आणि अ‍ॅमस्टरडॅमच्या मानानं ही फेरी बरीच स्वस्त पडते. प्राग ते व्हिएन्ना रेल्वेनं सुमारे चार तास, तिथून बुडापेस्ट पावणेतीन तासांच्या आत. क्राकोव ते प्राग मात्र जवळजवळ अख्खा दिवस जातो. क्राकोवला ३ रात्री, प्रागला ५, व्हिएन्नाला ३, बुडापेस्टला ३, एकूण १४. सर्वांत जास्त मुक्काम प्रागला, म्हणून व्हिसाचा अर्ज चेक प्रजासत्ताकाकडे.

आता अंदाज. पलंगाचे सरासरी २५ युरो धरले तर १४ रात्रींचे ३५०. खाण्याचे रोज १५ धरले तर १५ दिवसांचे २२५. शहराशहरांतली रेल्वे-बस आणि शहरातल्या फेऱ्या मिळून १५०. संग्रहालयं वगैरे १००. झाले ८२५. अडीअडचणीला १२५ ठेवले की ९५० युरो. सोयीसाठी एक युरो शंभर रुपयांचा धरला तर ९५ हजार. विमान, व्हिसा आणि विमा यावर वेगळे. हीच फेरी पॅरिसच्या बाजूला केली आणि पलंग ५० युरोचा निघाला, तर नुसत्या झोपेचेच ७०० युरो. म्हणजे कुठे जायचं हा निर्णय सर्वांत मोठी बचत करतो. चहा कमी पिऊन तेवढं वाचत नाही.

या चार शहरांत चलनंही चार आहेत: झ्लॉटी, कोरुना, युरो, फोरिंट. सगळीकडे नोटा बदलत बसलात तर दर वेळी थोडे पैसे झडतात. कार्ड वापरा. दुकानातल्या मशीननं "रुपयांत की स्थानिक चलनात?" विचारलं, तर नेहमी स्थानिक चलन निवडा. रुपये निवडले की दर त्यांच्या मर्जीचा लागतो.

प्रवासात पैसे वाचवायच्या काही खात्रीच्या जागा सांगते. आपल्याला युरेल पास मिळतो, इंटररेल हा युरोपात राहणाऱ्यांसाठी आहे. २७ वर्षांपर्यंत सवलत असते. पण चारच शहरांसाठी सुटी तिकिटं आधी काढणं बहुधा स्वस्त पडतं, आधी दोन्ही हिशेब करून पाहा. फ्रान्स, इटली, स्पेनच्या वेगवान गाड्यांत पास असूनही आरक्षणाचे पैसे वेगळे द्यावे लागतात. लक्झेंबर्गमध्ये २०२० पासून सार्वजनिक वाहतूक फुकट आहे. इटलीतली सरकारी संग्रहालयं महिन्याच्या पहिल्या रविवारी फुकट असतात. रोममध्ये रस्त्यांवर पिण्याच्या पाण्याचे सुमारे अडीच हजार नळ आहेत, बाटली जवळ ठेवा. ऑशविट्झच्या स्मारकात मार्गदर्शकाशिवाय प्रवेश विनामूल्य आहे, पण वेळ आधी नोंदवावी लागते. जर्मनी-ऑस्ट्रियात रविवारी किराणा दुकानं बंद असतात, तेव्हा शनिवारीच ब्रेड-दूध घेऊन ठेवा. आणि कागदी तिकीट मशीनमध्ये छापून घ्यायचं असेल तिथे ते छापून घ्याच. तिकीट खिशात असूनही दंड होतो.

बुकिंग करताना काय वाचायचं

नुसता भाव पाहू नका. या गोष्टी वाचा. स्टेशनपासून अंतर किती? रात्री उशिरा पोचलात तर स्वागतकक्ष उघडा असतो का? लॉकर आहे का, त्याला कुलूप आपलं लागतं का? चादर धरलेली आहे का, टॉवेलचे पैसे वेगळे का? स्वयंपाकघर खरोखर वापरता येतं का? शहराचा पर्यटन कर भावात धरलाय की तिथे भरायचा? वयाची अट आहे का? सगळी उत्तरं मिळाल्यावर दोन जागांचा भाव तुलनेला घ्या. शहराबाहेरचा पलंग आठ युरोंनी स्वस्त आणि रोजचं बसभाडं सात युरो, यात बचत कुठे झाली?

साधारणपणे दुपारी दोन-तीनच्या आधी पलंग मिळत नाही आणि सकाळी दहा-अकराला सोडावा लागतो. मधल्या वेळेत सामान ठेवायची खोली असते. तिथे सॅक टाका आणि फिरायला निघा.

सॅकेत काय भरायचं

विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, ही म्हण इथे शब्दशः खरी होते. सॅक तुम्हाला स्वतःला जिना चढवून नेता आली पाहिजे. सात-आठ किलोंच्या वर जाऊ नका. स्वस्त विमानांत फुकट फक्त सीटखाली मावणारी छोटी पिशवी असते. मापं आधी पाहा, विमानतळावर भरलेला दंड तिकिटापेक्षा महाग पडतो.

यादी छोटी आहे: चांगलं कुलूप, पातळ लवकर वाळणारा टॉवेल, न्हाणीघरासाठी रबरी चप्पल, डोळ्यांवरची पट्टी, कानातले बोळे, युरोपी पिनचा अडॅप्टर, छोटी टॉर्च, कपडे धुवायचा साबण, दोरीचा तुकडा. कपडे प्लास्टिकऐवजी कापडी पिशव्यांत भरा, याचं कारण पुढे येईल. न्हाणीघरात बादली-मग नसतो, एक रिकामी बाटली ठेवा. स्वतःची झोपायची पिशवी नेऊ नका. ढेकणांच्या भीतीनं अनेक हॉस्टेलं ती आत घेऊ देत नाहीत.

खाण्याचं सांगते, कारण आया ऐकत नाहीत. बाहेरच्या देशांतून युरोपीय संघात मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. म्हणजे तूप, पेढे, पनीर आणि आपलं हैदराबादी चिकनचं लोणचं, सगळं घरीच. ताजा कढीपत्ता आणि आंबेही नकोत. मेतकूट, भाजणी, भडंग, शेंगदाण्याची चटणी, तुपाशिवाय भाजलेल्या रव्याचं उपम्याचं पीठ चालतं.

डॉर्ममधली वागणूक

इथे खरी परीक्षा असते. रात्री अकरानंतर दिवा लावायचा नाही. पहाटेची गाडी असेल तर सॅक आदल्या रात्री भरून दाराजवळ ठेवायची. पहाटे पाच वाजता प्लास्टिकची कुरकुर आठ जणांना उठवते, म्हणून कापडी पिशव्या. गजर पहिल्याच घंटेला बंद करायचा. आईशी व्हिडिओ कॉल बाहेर जाऊन करायचा, मराठी कुणाला कळत नसलं तरी आवाज सगळ्यांना कळतो. ओला टॉवेल दुसऱ्याच्या पलंगाच्या दांड्यावर टाकायचा नाही. न्हाणीघराची फरशी ओली सोडायची नाही.

स्वयंपाकघरात भांडं वापरलं की लगेच धुवायचं. फ्रिजमधल्या पिशवीवर नाव आणि निघायची तारीख लिहायची. फोडणी देताना खिडकी उघडायची आणि तेल धुरावू द्यायचं नाही. छतावरची धुराची घंटा मोहरीला ओळखत नाही. ती वाजली की अख्खी इमारत रस्त्यावर येते आणि भुर्दंडही पडू शकतो. निघताना उरलेलं मीठ, तेल, तांदूळ फुकटच्या फळीवर ठेवून जा. तुम्हीही पहिल्या दिवशी तिथूनच घेतलेलं असतं.

शाकाहारी माणसाचं कसं होईल, असं विचारणाऱ्यांना मी पंडिता रमाबाईंची आठवण करून देते. १८८३ मध्ये लहानग्या मनोरमेला घेऊन त्या इंग्लंडला गेल्या आणि वाँटेजला सेंट मेरी द व्हर्जिन संघाच्या भगिनींकडे राहिल्या. त्याच वर्षी तिथे त्यांचा बाप्तिस्मा झाला, तरी शाकाहार त्यांनी सोडला नाही. धर्माच्या बाबतीतही आपले प्रश्न त्यांनी यजमानांपुढे पत्रांतून उघडपणे मांडले. त्या घरची शिस्त पाळून स्वतःचं मत जपत होत्या. पाहुण्यानं हे दोन्ही एकाच वेळी करता येतं. आपल्याला तर आज सुपरमार्केट आहे आणि स्वतःचा गॅस आहे.

घरच्यांचा प्रश्न

"परक्यांबरोबर झोपणं सुरक्षित आहे का?" याला मी सरसकट हो म्हणत नाही. मी काय करते ते सांगते. मुलींसाठीची वेगळी डॉर्म बहुतेक मोठ्या हॉस्टेलांत असते, थोडी महाग असली तरी पहिल्या फेरीत तीच घ्या. नव्या शहरात उजेडी पोचेल अशी गाडी धरा. पासपोर्ट आणि कार्ड लॉकरमध्ये किंवा अंगावर, मधलं काही नाही. पासपोर्ट-व्हिसाची एक प्रत सॅकेत, एक मेलवर, एक घरी. दुसरं कार्ड वेगळ्या जागी. खोलीत कुणाचं वागणं खटकलं तर भिडेखातर गप्प बसू नका. स्वागतकक्षात जाऊन खोली बदलून मागा, ही मागणी त्यांच्या सवयीची असते. युरोपीय संघात कुठेही आपत्तीचा क्रमांक ११२.

घरच्यांना रोज एक ठरलेल्या वेळी निरोप द्या आणि हॉस्टेलांचे पत्ते तारखांसह लिहून द्या. आईवडिलांच्या हातात तो कागद असला की त्यांची काळजी संपत नाही, पण तिला धरायला काहीतरी मिळतं. त्यांचे पैसे आणि त्यांची झोप या दोन्ही गोष्टी तुमच्या सहलीत गुंतलेल्या आहेत.

देवाच्या दारी फुकट?

इटलीत अनेक मठ प्रवाशांना साध्या खोल्या देतात. जागा शांत आणि स्वच्छ असते, पण रात्री ठरलेल्या वेळी दार बंद होतं. स्पेनमधल्या सांतियागोच्या यात्रेच्या वाटेवर यात्रेकरूंसाठी आल्बेर्गे असतात. तिथे यात्रेचं पत्रक लागतं आणि काही ठिकाणी भाडं ठरलेलं नसतं, ऐच्छिक देणगी असते. तिला फुकट समजून पेटीपुढून निघून जाणारे पुष्कळ. लूकच्या शुभवर्तमानातला चांगला शोमरोनी आठवा. जखमी माणसाला त्यानं उतारशाळेत नेलं, तेव्हा उतारशाळेच्या मालकाला दोन दीनार दिले आणि वर जे लागेल ते परतताना देण्याचं कबूल केलं. दया त्यानं केली, पण तिचा बोजा दुसऱ्यावर टाकला नाही. देणगीच्या पेटीत आदल्या रात्रीच्या हॉस्टेलला जेवढे दिले असते साधारण तेवढे टाका. तुमच्यामागून येणाऱ्याचा नाश्ता त्यातूनच होतो.

चर्चमध्ये जाताना खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. व्हॅटिकनच्या सेंट पीटर्समध्ये प्रवेश विनामूल्य आहे. डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा उघडलेल्या पॅरिसच्या नोत्र दाममध्येही तसंच आहे. तिथे प्रार्थना चालू असेल तर कॅमेरा खाली.

इथेच सराव करा

युरोपला जायच्या आधी तीन गोष्टी करून पाहा.

पहिली, आपल्याच देशात एका डॉर्ममध्ये दोन रात्री राहा. झॉस्टेल २०१३ मध्ये जोधपूरला सुरू झालं, आता अशी हॉस्टेलं अनेक शहरांत आहेत. यूथ हॉस्टेल्स असोसिएशनचे हिमालयातले ट्रेक तर आहेतच. तंबूत दहा जणांत झोपलेला माणूस प्रागला घाबरत नाही.

दुसरी, भरलेली सॅक पाठीवर घेऊन काचीगुडा स्टेशनपासून कोठीपर्यंत चालत जा. जे ओझं तिथे नकोसं होईल ते घरी काढून ठेवा.

तिसरी, वरचा हिशेब स्वतःच्या शहरांसाठी, स्वतःच्या आकड्यांनी मांडा आणि तो आईवडिलांसमोर ठेवा. पुढच्या बैठकीला असे हिशेब घेऊन या. एकेक कागद घेऊन आपण त्यातल्या गळक्या जागा शोधू. कागदावर सापडलेली गळती फुकटात बुजते.